लढाई कमी, कायदा जास्त: अ‍ॅबोरिजिनल सैनिकावरची शॉर्टफिल्म लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये फिल्म शिकताय, शेवटच्या वर्षासाठी वीस मिनिटांची युद्धकथा करायची आहे आणि नायक आहे 1942 साली पापुआत (आजच्या पापुआ न्यू गिनीत) लढलेला, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एक, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल सैनिक. संहितेत लढाईचे चार प्रसंग आहेत. एक वर्णद्वेषी गोरा शिपाई आहे, नायक त्याचा जीव वाचवतो आणि स्वतः मरतो. वाचणारे म्हणतात, 'चांगलं आहे, पण भिडत नाही.' शिवाय मराठी माणसाने हा विषय हाताळावा का, ही शंका आहेच.

मी बरीच वर्षं पटकथा लिहितो, आणि त्यात जुन्या काळातल्या सैनिकांच्या गोष्टी पुष्कळ आल्या. संहिता वाचल्यावर माझं मत स्पष्ट आहे. दुखणं लढाईच्या प्रसंगांत नाही. ज्या देशासाठी तो लढतोय त्या देशाने त्याला सैन्यात घ्यायचं की नाही यावर आधी खल केला होता, ही गोष्ट तुमच्या वीस पानांत कुठेच नाही. ती नसेल तर तो कुठल्याही पलटणीतला कुठलाही शूर शिपाई होतो आणि त्याचा रंग फक्त पडद्यावर दिसतो, कथेत नाही.

म्हणून आधी कायदा समजून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण कायद्यात 1909 साली जी दुरुस्ती झाली, तिने 'मुख्यत्वे युरोपीय वंशाचे नसलेल्या' माणसांना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळलं. भरती अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या सूचनाही त्याच धर्तीच्या होत्या. 1914 ला युद्ध सुरू झालं तेव्हा कित्येक अ‍ॅबोरिजिनल तरुण भरतीला गेले. काहींना दारातूनच परत पाठवलं, काही दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा उभे राहिले, काहींनी आपण माओरी किंवा परदेशी असल्याचं सांगितलं. मग फ्रान्समध्ये माणसं मरत गेली, ऑक्टोबर 1916 चं सक्तीच्या भरतीचं सार्वमत सरकार हरलं, आणि मे 1917 मध्ये नवा आदेश निघाला: आई-वडिलांपैकी एक युरोपीय वंशाचा आहे अशी तपासणाऱ्या डॉक्टरची खात्री पटली, तर त्या माणसाला घ्यायला हरकत नाही.

डॉक्टरची खात्री. म्हणजे एक खोली, एक टेबल, कमरेपर्यंत उघडा उभा असलेला तरुण, आणि त्याच्या छातीच्या मापाबरोबर त्याच्या आईबापाचा वंश ठरवणारा माणूस. यात एकही गोळी सुटत नाही आणि तरीही तुमच्या चारही लढायांपेक्षा जास्त ताण आहे.

आता यालाच व्हिक्टोरिया राज्याचा 1886 चा कायदा जोडून पाहा. त्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुणांना मिशनच्या वस्त्यांवरून बाहेर काढलं. तुझ्यात गोरं रक्त आहे, तेव्हा तू अ‍ॅबोरिजिनल नाहीस, इथे राहू नकोस, असा त्याचा अर्थ. घरं तुटली; बहीण आत, भाऊ बाहेर. तीसेक वर्षांनी तेच गोरं रक्त सैन्यात शिरायची अट झालं. ज्या कारणाने बापाला घराबाहेर काढलं त्याच कारणाने मुलाला खंदकात जागा मिळाली. हे मी पहिल्यांदा नीट जुळवलं तेव्हा माझ्या मनात पूर्ण फिल्म उभी राहिली, आणि तिच्यात आघाडीचा एकही शॉट नव्हता.

इतकं असून पहिल्या महायुद्धात हजारावर अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट या उत्तरेकडच्या सामुद्रधुनीतल्या बेटांवरची माणसं गेली. तुमचा नायक नैऋत्य व्हिक्टोरियातला आहे म्हणता, म्हणजे तो गुंडित्जमारा लोकांपैकी असणार. मग तो ज्या घरांतून आला असेल त्यांची माहिती हवीच. तिथल्याच लेक कोंडाह मिशनच्या लव्हेट कुटुंबातले पाच भाऊ घ्या. पाचही जण पहिल्या युद्धाला गेले आणि पाचही परत आले, त्यांतले चौघे दुसऱ्या युद्धातही गणवेशात होते. विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज याला मोर्लांकूरच्या लढाईसाठी मिलिटरी मेडल मिळालं आणि 9 ऑगस्ट 1918 ला तो फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच दिवशी पूर्व व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडचा हॅरी थॉर्प, तोही मिलिटरी मेडलवाला, जखमी होऊन मरण पावला. आर्बोनिएरच्या हीथ कबरस्तानात दोघेही आहेत.

रॉलिंग्जच्या भाच्याचं नाव त्याच्यावरूनच रेजिनाल्ड ठेवलं. हा रेज सॉन्डर्स, जन्म 1920. वडील क्रिस हेही पहिल्या युद्धातले सैनिक. रेज एप्रिल 1940 मध्ये भरती झाला. तारीख लक्षात ठेवा, कारण त्यानंतर काही आठवड्यांतच लष्कराने पुन्हा तोच जुना 'मुख्यत्वे युरोपीय वंशाचा' निकष लावला, आणि अ‍ॅबोरिजिनल लोकांची भरती आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असं त्या वर्षी वरच्या पातळीवर ठरलं. जपान युद्धात उतरल्यावर आणि उत्तर किनारा उघडा पडल्यावर निकष सैल झाले. रेज 2/7 बटालियनबरोबर ग्रीस आणि क्रीटला गेला, क्रीट पडल्यावर जवळजवळ वर्षभर तिथल्या गावकऱ्यांच्या आसऱ्याने लपून राहिला आणि मे 1942 मध्ये सुटला. नोव्हेंबर 1944 मध्ये तो अधिकारी झाला, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातला पहिला अ‍ॅबोरिजिनल अधिकारी. पुढे कोरियात, एप्रिल 1951 ला काप्योंगच्या लढाईत, एका कंपनीचं नेतृत्व त्याच्याकडे होतं.

त्याचा धाकटा भाऊ हॅरी 2/14 बटालियनमध्ये होता. तो 29 नोव्हेंबर 1942 ला पापुआत, गोनाला मारला गेला.

तुमच्या कथेचा काळ आणि जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. संहितेवर तुम्ही 'कोकोडा' (पापुआच्या डोंगरातली वाट) लिहिलंय आणि प्रसंग नोव्हेंबरच्या शेवटी घडतात. ते जुळत नाही. डोंगरातली वाट, धुकं, चिखलाच्या पायऱ्या, इसुरावाची लढाई हे सगळं त्याआधीच्या महिन्यांतलं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लढाई उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरली होती. गोना म्हणजे समुद्रकाठची सपाट जागा: नारळाची झाडं, दलदल, माणसाच्या उंचीचं कुनाई गवत, आणि नारळाच्या ओंडक्यांचे, मातीने झाकलेले जपानी बंकर. ते पंधरा पावलांवरूनही दिसायचे नाहीत. गवतात वारा शिरत नाही, डोक्यावर ऊन, आणि माणसं मलेरियाने थरथरणारी. 2/14 बटालियन डोंगरातल्या लढाईत आधीच झिजली होती. तशा अवस्थेत तिला या बंकरांवर चालवलं. 9 डिसेंबरला गोना पडलं.

तुमच्यासारख्या कमी बजेटच्या फिल्मला ही लढाई फार सोयीची आहे, कारण शत्रू दिसतच नव्हता. जपानी गणवेशातले वीस ज्युनियर आर्टिस्ट तुम्हाला लागणारच नाहीत. गवत, श्वास, माशा, आणि कुठून येते ते न कळणारी मशीनगन. कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा, गवताच्या वर जाऊ देऊ नका. ड्रोन शॉट तर मुळीच नको. त्या सैनिकाला जे दिसलं नाही ते प्रेक्षकाला दाखवून तुम्ही त्याची भीती काढून घेता. अर्धी लढाई ध्वनीवर उभी राहते, तेव्हा साउंड डिझाइनरला संहितेच्या दुसऱ्या खर्ड्यापासून सोबत घ्या. एडिटिंग झाल्यावर बोलावलंत तर तो फक्त भोकं बुजवेल.

कपडेपट आणि हत्यारांबद्दल एवढंच: रायफल थ्री-नॉट-थ्री, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसायची तीच जात, शिवाय ब्रेन गन (हलकी मशीनगन) आणि हातबॉम्ब. कपडे खाकी, हिरव्या रंगात बुडवलेले, आणि तो रंग घामाने ओघळलेला. इस्त्रीची घडी दिसली की संपलं. व्हिक्टोरियात खोट्या बंदुकांवरही कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे परवाना असलेला आर्मरर (हत्यारं सांभाळणारा जाणकार) घ्या आणि पोलिसांना लेखी कळवा. यावर पैसे वाचवू नका.

आता मूळ दुखण्याकडे येतो, तुमच्या त्या वर्णद्वेषी गोऱ्या शिपायाकडे. नायक त्याला पाठीवर घेऊन येतो, तो रडतो, 'मी तुला ओळखलं नाही' म्हणतो आणि नायक मरतो. अशा कथेत बदल कोणात होतो? गोऱ्यात. जखम कोणाची? अ‍ॅबोरिजिनल माणसाची. म्हणजे एकाने मरायचं ते दुसऱ्याने शहाणं व्हावं म्हणून. आपण नायक म्हणतो त्याला इथे स्वतःचं काही हवंय का, हेच कळत नाही. हा प्रसंग पूर्ण काढा. दुरुस्त करू नका, काढा.

इतिहासही या प्रसंगाच्या बाजूने नाही. अनेक अ‍ॅबोरिजिनल सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सांगितलंय की पलटणीत त्यांना बरोबरीने वागवलं गेलं. नेहमीच्या तुकड्यांत पगार सारखा, शिधा सारखा, एकाच ताडपत्रीखाली झोप. तुच्छता तिथेही होती, पण आयुष्यात पहिल्यांदाच बरोबरीची चव मिळाली ती तिथे. खरं नाट्य याच्यातच आहे. आघाडीवर तो माणूस आहे. घरी परतला की पुन्हा त्याच्या लोकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाच्या, मिशनच्या मॅनेजरच्या, परवानगीच्या जगात. त्यामुळे त्याच्या मनात युद्ध संपण्याचीही एक धास्ती असू शकते. असं पात्र मी युद्धपटांत फार कमी पाहिलंय. ते लिहा.

सगळीकडे पगार मात्र सारखा नव्हता. टोरेस स्ट्रेट लाइट इन्फंट्री बटालियनमधल्या बेटांवरच्या सैनिकांना सुरुवातीला गोऱ्यांच्या एक तृतीयांश पगार मिळायचा. 1943 संपता संपता त्यांनी कामबंद केलं, तेव्हा तो दोन तृतीयांश झाला. उरलेली रक्कम मिळायला 1980 चं दशक उजाडलं. गणवेशातल्या माणसांनी युद्ध चालू असताना हत्यार खाली ठेवून हक्क मागितला. कधी दुसरी फिल्म कराल तर हा विषय डोक्यात असू द्या.

मग तुमच्या वीस मिनिटांत काय असावं? माझी सूचना अशी. एकच दिवस घ्या. गोनाला हल्ल्याच्या आदल्या दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. लढाईचा प्रसंग एकच, आणि तो शेवटी नाही. अकराव्या-बाराव्या मिनिटाला, छोटा, गोंधळाचा. त्याआधी नायकाच्या हातात एक काम द्या. उदाहरणार्थ, तो घरी पत्र लिहितोय आणि जमिनीबद्दल काहीतरी विचारतोय. लढून आलेल्यांना सरकार जमीन देतं, हे त्याला बाप-चुलत्यांच्या वेळेपासून ठाऊक आहे. आपल्या माणसांना पहिल्या युद्धानंतर ती जवळजवळ कुणालाच मिळाली नाही, हेही ठाऊक आहे. तरी तो विचारतो. शेजारचा गोरा मित्र, जो खरोखर मित्र आहे, सहज म्हणतो, 'परत गेलो की आपण दोघं शेजारी शेजारी जमीन घेऊ.' त्याला काहीच माहीत नाही. नायकाने यावर काय उत्तर द्यायचं, यावर तुमची फिल्म उभी राहील. खलनायक नको. मित्राचं चांगलं मनच पुरेसं आहे.

याला पुढे काय झालं त्याचा आधार आहे. दुसऱ्या युद्धानंतर लेक कोंडाहच्या मिशनची जमीन तुकडे पाडून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना वाटली. लव्हेटांनी अर्ज केला, तो नाकारला. पूर्वजांची जमीन, दोन युद्धांची नोकरी, आणि उत्तर नाही. प्रेक्षकाला हे शेवटच्या पाटीवर दोन ओळींत कळलं तर त्या पत्राचं वजन आपोआप वाढेल.

परतलेल्या सैनिकाला क्लबच्या दारात अडवतात, बिअर नाकारतात, असा शेवट तुमच्या पर्यायांत आहे. ते खरंच घडलंय. 1965 च्या फेब्रुवारीत अ‍ॅबोरिजिनल कार्यकर्ता चार्ल्स पर्किन्स आणि सिडनीचे विद्यार्थी वॉलगेटच्या माजी सैनिकांच्या क्लबसमोर याचसाठी उभे राहिले होते. पण पडद्यावर तो प्रसंग प्रेक्षकाला सोपा जातो. दारातल्या उर्मट माणसावर राग काढला की सुटला. अर्ज नाकारणारं पत्र कुणी एका माणसाने पाठवलेलं नसतं. तिथे राग काढायला जागा नाही.

अजून एक गोष्ट संहितेत दिसली नाही: पापुअन हमाल. ऑस्ट्रेलियन जखमींना खांद्यावर वाहून नेणारे हे लोक. त्यांच्यातले पुष्कळ जण करार करून नव्हे, तर जबरदस्तीने कामाला लावलेले होते. गोऱ्या सैनिकांनी त्यांचं भरभरून कौतुक केलं, त्यांच्यावर कविता झाल्या. तुमचा नायक त्यांच्याकडे कसा बघेल? ते त्याच्याकडे कसे बघतील? एक शॉट पुरे. दोघांत संवाद घालू नका, त्यांना एकमेकांची भाषा येत नाही.

आता मराठी माणसाने हे करावं का. एक साम्य तुम्हाला आधीच सुचलं असेल. महारांची भरती ब्रिटिशांनी 1890 च्या दशकात बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, आणि 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर 1921 ला ती मोडली. 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. साम्राज्य एक, युद्ध एक, साल एक. दरवाजा बंद करायचं कारण आणि उघडायचं कारण ओळखीचं आहे. हे साम्य तुम्हाला समज देईल, म्हणून ते मनात ठेवा. पण फिल्ममध्ये आणू नका. महार सैनिकांची गोष्ट वेगळी, तिची जमीन वेगळी. गुंडित्जमारांच्या गोष्टीला आपल्या गोष्टीचा आरसा केलंत, की त्यांचा माणूस पुन्हा दुसऱ्या कुणासाठी वापरला गेला.

म्हणून माझं उत्तर आहे: करा, पण एकट्याने नको. गुंडित्जमारा सहलेखक हवा, सल्लागार नव्हे. सल्लागाराला तयार संहिता दाखवतात; सहलेखक 'ही गोष्ट सांगायचीच नाही' असं म्हणू शकतो. त्यांच्या मूळ मालकांची संस्था, गुंडित्ज मिरिंग, लेक कोंडाहच्या परिसराचं काम बघते; पहिलं पत्र तिला लिहा. खऱ्या माणसावर आधारित पात्र असेल तर कुटुंबाची लेखी संमती आधी घ्या. स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सरकारी चित्रपट संस्थेची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं छापील आहेत. निधी मागायचा असेल तर सल्लामसलत कशी केली हे तिथे दाखवावं लागतंच. मृत व्यक्तींची नावं आणि चेहरे दाखवण्याबद्दलचे संकेत कुटुंबागणिक वेगळे असतात, ते गृहीत धरू नका, विचारा. फिल्मच्या सुरुवातीला त्याची सूचना द्यायची पद्धत आहे. त्यांच्या भाषेतला एक शब्दही संहितेत घालायचा असेल तर तो त्यांनीच द्यायला हवा. आणि या सगळ्याचे पैसे बजेटमध्ये वेगळे लिहा. सहलेखकाला जेवण आणि श्रेयनामावर भागवणं अन्याय आहे, विद्यार्थी फिल्म असली तरी.

यातलं काही जमलं नाही, किंवा ते नको म्हणाले, तर? त्यांचा नकार माना आणि दुसरी गोष्ट शोधा. तुमच्या-माझ्यासारख्याला थोडं जवळचं दार असलेली एक गोष्ट आहे, ती सांगून थांबतो.

डग्लस ग्रँट. उत्तर क्वीन्सलँडमध्ये जन्मलेला, लहानपणीच एका स्कॉटिश कुटुंबाने वाढवलेला, पेशाने ड्राफ्ट्समन, बोलायचा स्कॉटिश ढंगात. 1916 मध्ये भरती झाला. जहाजावर चढायच्या आधी नियम दाखवून त्याला कमी केलं. तो पुन्हा भरती झाला. 11 एप्रिल 1917 ला ब्यूलकूरला जर्मनांच्या हाती सापडला. त्याला शेवटी बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलं. ही अर्धचंद्र छावणी, जिथे जर्मनांनी हिंदी आणि मुसलमान युद्धकैदी एकत्र ठेवले होते. जर्मन शास्त्रज्ञ त्याला मोजायला यायचे, रुडोल्फ मार्कुसे या शिल्पकाराने त्याचा अर्धपुतळा केला. कैद्यांनी मात्र त्याच्या प्रामाणिकपणामुळे मदतीची पार्सलं वाटायचं काम त्याच्यावर सोपवलं. त्याच छावणीत जर्मन अभ्यासकांनी हिंदी सैनिकांचे आवाज तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

एक लाकडी बराक, पार्सलांची रांग, यादी हातात घेतलेला स्कॉटिश बोलणारा काळा माणूस आणि समोर हिंदुस्थानी कैदी. एक खोली, सात-आठ नट, लढाई शून्य. यालाही त्याच्या लोकांची संमती लागेलच, पण खोलीतल्या निम्म्या माणसांची बाजू तुम्हाला कुणाकडून उसनी घ्यावी लागणार नाही. दोन्ही कथांची एकेक पानाची रूपरेषा करा, आणि गोनाच्या कथेचं पान गुंडित्ज मिरिंगला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आल्यावरच पुढे वाढवा.